‘सपरी’चं बारसं: एका वार्तापत्राच्या प्रकल्प नोंदी

वस्तीचं, मंडळाचं किंवा शाळेचं वार्तापत्र काढायला निघालेल्या कुणाला तरी उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी. लेख कसे जमवले, जाहिराती घेतल्या की नाही, ते यात नाही. वार्तापत्राचं नाव ठरवणं आणि मजकुरात आलेली नावं नीट छापणं, या दोनच गोष्टींनी आमचे अकरा आठवडे खाल्ले. तेवढंच लिहिलंय.

२९ जून २०२५, रविवार

आमच्या नागपुरातल्या वस्तीच्या वाचनालयाच्या समितीची बैठक. ठरलं ते असं: चार पानं, म्हणजे ए-३ कागद मधोमध दुमडून. एका रंगात. दोन महिन्यांनी एकदा. प्रती ३००. पहिला अंक पोळ्याला, म्हणजे २२ ऑगस्टला सभासदांच्या हातात. संपादन माझ्याकडे आलं, कारण युनिकोडमध्ये टाइप करता येणारी समितीत मी एकटी. प्रूफं मास्तर वाचणार. मास्तर म्हणजे आमच्या वस्तीतले निवृत्त मराठीचे शिक्षक, ज्यांना दुकानाच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घही झोपू देत नाही.

नावासाठी काउंटरवर वही ठेवली. वर लिहिलं, ‘नाव सुचवा’. बस्स, तेवढंच. ही पहिली चूक. दोन अटी आधीच घालायला हव्या होत्या, त्या पुढे कळल्या.

६ जुलै, रविवार

वहीत ४१ नावं. त्यातली नऊ संत्र्याची. सात ज्ञानाची: दीप, ज्योत, गंगा, यज्ञ, असं सगळं. तीन नागनदीची. एकानं ‘तर्री’ लिहिलं होतं आणि खाली दुसऱ्या कुणीतरी पेन्सिलनं, ‘मग पोहे कुठे?’. मला स्वतःला ‘तर्री’ आवडलं होतं. मास्तरांनी एका बैठकीत सगळं ज्ञान आणि सगळी संत्री खोडली, कुणी हूं की चूं केलं नाही.

उरलेल्यांवर मतदान. ‘ओटा’ १९, ‘छपरी’ १४, ‘तर्री’ ६, ‘झरोका’ ४. ‘ओटा’ जिंकला. घरी येऊन मी लगेच निवेदन लिहायला बसले.

१३ जुलै, रविवार

आठवडाभर पाऊस, तरी ‘ओटा’वर चर्चा करायला माणसं छत्री घेऊन आली.

निवेदनात मी लिहिलं होतं: ‘ओट्यासाठी साहित्य पाठवा’. एका वहिनींनी वाचून विचारलं, “स्वयंपाकाच्या ओट्यासाठी का?” हसलो, पण अडकलो. मास्तर म्हणाले, अवतरणात घाला आणि नावाला हात लावू नका: ‘ओटा’साठी. कागदावर ते बरोबर आहे. पण तोंडानं तसं कुणी म्हणत नाही. माणसं म्हणणार, “ओट्यात माझा लेख आलाय.” म्हणजे लिहायचं नाव एक आणि बोलायचं दुसरं. शिवाय अवतरण राहून गेलं की नावच गायब, उरतो नुसता ओटा.

मराठीत नाव एकटं राहत नाही, त्याला प्रत्यय लागतोच, आणि प्रत्यय लागला की बऱ्याच नावांचा चेहरा बदलतो. ओटा, ओट्यात. झरोका, झरोक्यातून. आरसा, आरशात. शेवटी अकारान्त असलं तरी थोडं हलतंच: बाळशास्त्री जांभेकरांचं १८३२ चं ‘दर्पण’ घ्या, बोलताना ‘दर्पणात’ होतं, लिहिताना आपण ‘दर्पण’मध्ये करून नाव वाचवतो. १९२० च्या ‘मूकनायक’चंही तसंच. उलट १८८१ चा ‘केसरी’ बघा. ‘केसरी’त, ‘केसरी’चा, ‘केसरी’ला, ‘केसरी’साठी. अक्षर हलत नाही. टिळकांनी असा विचार करून नाव ठेवलं असं मी म्हणत नाही, पण आम्हाला त्यातून कसोटी मिळाली.

कसोटी अशी: सुचवलेल्या प्रत्येक नावाला मोठ्यानं चार शेपट्या लावायच्या. ‘-त लेख आला’, ‘-चा अंक मिळाला’, ‘-ला पत्र लिहिलं’, ‘-साठी वर्गणी दिली’. नाव चारही वेळा तसंच राहिलं तर ठेवा. शेवटी दीर्घ ई असलेली नावं बहुतेक पास होतात, आ असलेली नापास. ही अट वहीच्या पहिल्या पानावर हवी होती.

‘ओटा’ रद्द. पंधरा दिवस गेले.

२० जुलै, रविवार

दुसऱ्या क्रमांकाचं ‘छपरी’. कसोटीला उतरतं. अर्थही छान: घरापुढची छपराखालची बसायची जागा, येणारा-जाणारा जिथे टेकतो ती. पन्नाशीच्या पुढचे सगळे खूश. मी मथळ्याची चार रेखाटनं करून भाचीला दाखवली. ती हसून हसून खाली बसली. “मावशी, हे खरंच छापणार आहेस तू?” तिच्या पिढीत छपरी म्हणजे केस रंगवून मोटारसायकल उडवत फिरणारा उनाड. शिवीच. समितीतल्या साठी ओलांडलेल्या सात जणांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं. दुसरी अट ही होती: नाव पक्कं करण्याआधी वीस वर्षांखालच्या दोघांना आणि सत्तरीच्या वरच्या दोघांना विचारा.

बैठक मोडायला आली होती. चंद्रपूरकडच्या एक आजी वाचनालयात साप्ताहिकं चाळायला येतात, त्या कोपऱ्यातून म्हणाल्या, “आमच्याकडं तं सपरीच म्हणतेत ना बापा. सपरीत बसा म्हणतो.”

संपलं तिथेच. तोच अर्थ, तीच ईकारान्त शेपटी, शिवी नाही, आणि बोली आपली. हात वर करून मतदान, विरोधात दोन. त्यांचं म्हणणं, लोकांना छपाईची चूक वाटेल. ही भीती अगदीच खोटी नव्हती, ते खाली येईलच.

नोंदणीचं विचारणाऱ्यांसाठी: १८६७ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. नोंदणी करायची तर आधी शीर्षक पडताळून घ्यावं लागतं, आणि त्याच भाषेत किंवा त्याच राज्यात तेच किंवा त्याच्याशी मिळतंजुळतं नाव आधी नोंदलेलं असेल तर ते मिळत नाही. आपल्याला काय लागू होतं ते आमच्या वकील सभासदांकडे सोपवलंय. तुम्हीही मथळ्याचं चित्र काढून घेण्याआधी विचारा, नंतर नाही.

२७ जुलै, रविवार

नऊ जणांचे अकरा लेख आले. पुस्तकांची, मासिकांची, वर्तमानपत्रांची नावं नऊ जणांनी नऊ तऱ्हांनी लिहिली होती. कुणी दुहेरी अवतरणात, कुणी कंसात, कुणी ठळक, एकानं हाती लिहून खाली रेघ, एकानं दोन्ही बाजूंना तारे. कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातली तिरकी काडी वापरणारेही दोघे निघाले. बाकीच्यांनी काहीच नाही.

म्हणून चाचणीचं पान केलं: एकच परिच्छेद, नाव दाखवायच्या पाच पद्धती. झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट आणि प्रिंटची झेरॉक्स, कारण आमचा अंक पुढे झेरॉक्स होऊनच फिरणार. खर्च ९० रुपये. सगळ्यात वसूल झालेला खर्च हाच.

तिरकं अक्षर: इंग्रजी छपाईत पुस्तकाचं नाव तिरक्या वळणात घालतात, आणि त्या वळणाची अक्षरं वेगळी घडवलेली असतात. आपल्या बहुतेक देवनागरी फॉन्टांत तसं वळण नसतंच. संगणक सरळ अक्षरालाच धक्का देऊन कलतं करतो. शिरोरेषा आडवी राहते, दांडे कलतात, आणि वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन आपटते. ‘किर्लोस्करवाडी’ लिहून बघा. मोठ्या अक्षरात खपतं, अकरा पॉइंटात नाही.

अधोरेखा: उकार कापते. ‘मूकनायक’मधला दीर्घ ऊ रेघेत बुडाला. पायमोडकी जोडाक्षरंही.

ठळक: एका परिच्छेदात चार नावं आली की पान देवीचे व्रण आल्यासारखं दिसतं. झेरॉक्स काढल्यावर ‘ध’ आणि ‘घ’ यांची पोटं भरून दोघे जुळे भाऊ झाले.

अक्षरांत अंतर सोडणं: शिरोरेषा तुटते. एका शब्दाचे चार तुकडे. हे मी मथळ्यासाठी ठरवलं होतं, तेही तिथेच सोडलं. आणि इंग्रजीसारखं पहिलं अक्षर मोठं करायची सोय आपल्याकडे नाही.

राहिलं एकेरी अवतरण, जे मराठी वर्तमानपत्रं कधीपासून वापरतातच. चाकाचा शोध लावायला अख्खा रविवार गेला, पण आता कुणी विचारलं तर कारण सांगता येतं. अजून एक फायदा: बोलणं दुहेरीत आणि नाव एकेरीत ठेवलं की एकात एक बसतात. “मी ‘केसरी’ वाचूनच चहा घेतो,” असं आजोबांचं वाक्य गोंधळ न होता छापता येतं.

नियमांचा कागद काउंटरवर लावला. त्यातलं ज्यावर लोक हमखास चुकले तेवढं इथे:

प्रत्यय अवतरणाच्या बाहेर, पण चिकटून. ‘केसरी’त. मध्ये जागा सोडली की तो बिचारा ‘त’ एकटा पुढच्या ओळीत जाऊन पडतो. दै., सा., मासिक, त्रैमासिक हे शब्द बाहेर. पूर्णविराम आणि स्वल्पविराम बाहेर. प्रश्नचिन्ह नावाचाच भाग असेल तरच आत. नाव ज्यानं ठेवलं त्याच्या लेखनानुसार, मग आपल्याला ते अशुद्ध का वाटेना. या शेवटच्या कलमावर मास्तरांनी सही करायला दोन दिवस घेतले.

३ ऑगस्ट, रविवार

संस्थेच्या नावाला अवतरण घालायचं का? नाही. विदर्भ साहित्य संघ ही १९२३ मध्ये स्थापन झालेली संस्था, तिला अवतरण नको. तिच्या नियतकालिकाला, ‘युगवाणी’ला, हवं. हे एका वाक्यात शेजारी शेजारी आलं तेव्हाच सगळ्यांच्या डोक्यात उतरलं.

‘हितवाद’वर अर्धा तास गेला. १९११ पासून चाललेलं नागपूरचं इंग्रजी दैनिक. त्याच्या मथळ्यावर आधी ‘द’ आहे. गेल्या आठवड्याच्याच नियमाप्रमाणे ‘द हितवाद’ करायला हवं, पण बर्डीच्या बाजारात उभं राहून कुणी ‘द हितवाद द्या’ म्हणत नाही. शेवटी पहिल्या उल्लेखात ‘द’सकट आणि पुढे नुसतं, अशी तडजोड. फारशी शोभा नाही तिला.

लेखाचं नाव आणि ज्यात तो लेख आला त्याचं नाव, दोन्ही एकेरीतच असल्यानं कोण कुणाचं ते कळत नाही. इंग्रजीत तिरकं आणि अवतरण अशी दोन हत्यारं आहेत, आपल्याकडे एकच. उपाय साधा निघाला: जात सांगून टाकायची. ‘अमुक’ हा लेख, ‘तमुक’ या मासिकात.

पोथ्यांना अवतरण नको, असं भजनी मंडळातल्या काकांनी बजावलं. मान्य केलं.

१० ऑगस्ट, रविवार

छापखाना नागपुरातल्या महाल भागात. मांडणीचे ६०० रुपये आगाऊ दिले होते, मजकूर युनिकोडमध्ये पाठवला होता. पहिलं प्रूफ हातात आलं आणि पहिल्याच ओळीत होतं: ‘ह्यसपरीह्णचा पहिला अंक’.

जुन्या बातम्या संगणकावर वाचणाऱ्यांनी हे भूत पाहिलेलं असतं. छापखान्यात जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट. मजकूर रूपांतरकातून काढला की उघडणाऱ्या अवतरणाचं ‘ह्य’ आणि मिटणाऱ्याचं ‘ह्ण’ होतं. आमच्या चार पानांत १३७ जागी. छापखान्याचे भाऊ निवांत: “हे तं नेहमीचंच आहे ताई. वाचून घ्याचं अन् खोडून टाकाचं.” मी म्हटलं, खोडायचं नाही, तिथे चिन्ह हवंय. तर म्हणे, “एवढी चिन्हं कायले घालून राहिले तुम्ही?”

दुसरं, वरच्या मथळ्यातही अवतरण. ‘नाव जिथे येईल तिथे एकेरीत’ असं मीच लिहून दिलं होतं, त्यांनी पाळलं. स्वतःच्या मथळ्यावर नावाला अवतरण नसतं. ते दुसऱ्यांनी आपलं नाव घेताना. चूक माझी.

तिसरं, मथळ्याखालच्या ‘वाचनालयाचं वार्तापत्र’मधला ल हिंदी वळणाचा. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिले आहेत. नागपुरात अर्ध्या पाट्या हिंदी, त्यामुळे नजर मरते, पण मास्तरांची नाही.

निर्णय: मांडणी परत घरी. ६०० रुपये पाण्यात. लिब्रेऑफिसमध्ये नोटो सेरिफ आणि नोटो सॅन्स देवनागरी घेतले आणि मजकुराची भाषा हिंदीवरून मराठी केली. ल आणि श आपोआप मराठी झाले. फॉन्ट तोच, फक्त भाषेची खूण चुकीची होती. आता छापखान्याला पीडीएफच द्यायचं, म्हणजे तिकडे रूपांतराचा प्रश्नच नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

मोबाइलवरून आलेल्या मजकुरातली अवतरणं सरळ, उभ्या काडीसारखी. टाइप करताना संगणक ती वळवतो, चिकटवलेल्या मजकुरात वळवत नाही. एकेक शोधून बदलली, दीड तास. डॅशनंतर आलेली दोन उलटी वळली होती.

मग शहाणपणा सुचला. ‘सपरी’ला काही ठिकाणी अवतरण राहून गेलं होतं म्हणून ‘शोधा आणि बदला’ला सांगितलं: सगळ्या सपरींना अवतरण घाल. दोन सेकंदांत ३० जागा. खूश होऊन झोपले.

१७ ऑगस्ट, रविवार

मास्तरांचा फोन सकाळी सातला. “तुमच्या लेखिकेची आजी वार्तापत्रात बाज टाकून झोपली आहे.”

तिसऱ्या पानावर गावाकडच्या घराची आठवण आहे, आणि त्यात खरीखुरी सपरी आहे. सात वेळा. सातही ठिकाणी अवतरण बसलं होतं. ‘सपरी’त बाज, ‘सपरी’त कोंबड्या, ‘सपरी’वर पावसाचे थेंब. रोजच्या वापरातला शब्द नाव म्हणून घेतला की हे होणारच. सगळं एकदम बदलण्याची आज्ञा आपल्या नावासाठी वापरू नका. मी परत हातानं काढली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पोळ्याचा मुहूर्त चुकला. दुसऱ्या पानावर मारबतीवरचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून जाळतात त्या पुतळ्यावरचा लेख आहे, नाव होतं ‘उद्या मारबत’. अंक आता नंतर येणार म्हणून लेखिकेनं नाव बदललं: ‘घेऊन जा गे मारबत’. पीडीएफ दिलं, छपाईच्या प्लेटा दोन्ही झाल्या, ७०० रुपये. संध्याकाळी लक्षात आलं की पहिल्या पानावरच्या अनुक्रमात जुनंच नाव आहे. पहिल्या आणि चौथ्या पानाची प्लेट परत, ३५० रुपये.

लेखाचं नाव तीन जागी असतं: अनुक्रमात, लेखावर, आणि संपादकीयात उल्लेख असेल तर तिथे. एका जागी बदललं की तिन्ही जागा बोट ठेवून तपासा.

२३ ऑगस्ट, शनिवार

तान्हा पोळा, मारबतीची मिरवणूक. महालात गाडी जाणं शक्य नाही आणि छापखाना बंद. पुढे २७ ला गणपती, त्यामुळे यंत्रावर मंडळांच्या पावतीपुस्तकांची रांग. आमचा नंबर विसर्जनानंतर, म्हणजे ६ सप्टेंबरनंतर. सणावारांचं कॅलेंडर जूनमध्येच उघडायला हवं होतं.

१४ सप्टेंबर, रविवार

१० तारखेला छापून झालं, आज वाटप. हिशेब: मांडणी ६०० (वाया), प्लेटा ७००, जादा प्लेट ३५० (वाया), कागद ८००, दोन्ही बाजूंची छपाई १,०००, घडी १५०, चाचणीची पानं ९०. एकूण ३,६९० रुपये, प्रतीमागे १२ रुपये ३० पैसे.

आजीच्या सात सपऱ्यांपैकी एक सुटली. तिसरं पान, दुसरा स्तंभ, खालून चौथी ओळ. कोंबड्या अजून आमच्या वार्तापत्रातच आहेत.

संध्याकाळी पहिलं वाचकपत्र आलं, वस्तीतल्याच एका काकांचं, हातानं लिहिलेलं. अंक आवडला, अक्षर थोडं मोठं करा, वगैरे. मजकुरात आमचं नाव पाच वेळा, पाचही वेळा एकेरी अवतरणात, प्रत्यय बाहेर आणि चिकटून, एकदम निर्दोष. आणि पाचही वेळा ‘छपरी’. पुढच्या अंकात पत्र छापायचं आहे. मास्तर म्हणतात, नाव ज्यानं ठेवलं त्याच्या लेखनानुसार, तेव्हा दुरुस्त करा. मी म्हणते, पत्र त्यांचं आहे, तसंच जाऊ द्या. बुधवारी परत बसणार आहोत.